निम्मं तुझं, निम्मं आईचं

प्रिय बा,

तू गेल्याला दोन पावसाळे झाले आणि आज मी तुला पत्र लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे काय मला ठाऊक नाही? पण तू असतास तरी मीच वाचून दाखवलं असतं, मग आता काय बिघडलं?

लिहायला आईने लावलं आहे. परवा तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, इथे नाशिकला. डोळ्यावर पट्टी बांधून ती खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि मी तिला पेज भरवत होते. चार घास झाले आणि मध्येच म्हणाली, "कमळे, त्याला ते सांगून टाक आता."

"कोणाला?"

"तुझ्या बाला. दुसरं कोण?"

"अगं आई, बा कुठे आहे आता?"

"म्हणून तर सांग म्हणते. आता काय करणार हाय तो?"

शेजारच्या खाटेवरची बाई फिदीफिदी हसायला लागली. आई मात्र हसली नाही. नऊ वर्षं आम्ही दोघींनी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, बा. ती सांगते. पण एकदम नाही सांगणार. तू तरी कधी एकदम सांगितलंस काही? हरसूलच्या बाजारातून काय आणलं असं विचारलं, की आधी एस.टी. किती उशिरा आली तिथून सुरुवात करायचास.

आपला पाडा आठवतो ना? काय वेड्यासारखं विचारते मी. पावसाळ्यात नदी भरली की चार महिने आपण आपले आपल्यातच. मीठ संपलं तर संपलं. सोयरीकही त्याच चार पाड्यांत. वाटेत कोणी नवा माणूस दिसला तर तो आपला कोणीतरी लागत नाही असं कधी झालंच नाही. मामा नाहीतर साडू निघायचाच. मला लहानपणी जग तेवढंच वाटायचं.

आणि त्या जगातली दुखणीही तीच ती. दर दोन घरांआड एक दुखरं पोर. डोळे पिवळे, हातापायांना सूज, थंडी पडली की कण्हत पडलेलं. आपल्या घरात तर तिघं झालो. माझ्या आधीचे दोन भाऊ गेले. थोरला वर्षाचा होऊन गेला, दुसरा चार वर्षांचा. तिसरी मी राहिले, कशी राहिले देव जाणे.

माझे गुडघे आणि कोपरे ठणकायला लागले की तू मला पाठीवर घ्यायचास आणि अंगणात फेऱ्या मारायचास. खाली ठेवलंस की मी ओरडायचे, म्हणून ठेवायचासच नाहीस. नागलीची भाकरीसुद्धा तशीच उभ्या उभ्या खायचास. भगताने माझ्या पोटाला डाव्या बाजूला तीन डाग दिले, तेव्हा माझे पाय धरायलाही तूच होतास. त्याचा राग मी फार वर्षं धरला. तुला कधी बोलले नाही, पण होता. आता नाही. तुला दुसरं काही ठाऊक असतं तर तू ते केलं असतंस, एवढं मला पुरतं.

दुसरा राग मात्र अजून पुरता गेलेला नाही, तो आज बोलते. दोन पोरं गेली तेव्हा बोल कोणाला लागला? आईला. तिच्या पोटात दोष आहे, तिची नजर पोरांना बाधते, असं पाड्यातल्या बाया तिच्या तोंडावर म्हणायच्या. कोणाकडे बाळाची पाचवी असली की आई घरातच थांबायची. कोणी बोलवायचं नाही आणि बोलवलं तरी ती जायची नाही. कोणाचं तान्हं रांगत आपल्या ओट्यावर आलं, तर ही दोन्ही हात पदरात लपवून मागे सरायची. मी ते पाहिलंय, बा. तूही पाहत होतास. तू कधी कोणाला एक शब्द का नाही सुनावलास? तुलाही तेच वाटत होतं का?

मग ती गाडी आली. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी हरसूलच्या आश्रमशाळेतून दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते. पांढरी सरकारी गाडी नदीपलीकडे दिसली आणि पाड्यातले सगळे गडी डोंगरावर पळाले. नसबंदीवाले परत आले, असंच सगळ्यांना वाटलं. तू तर सगळ्यांच्या पुढे होतास.

गाडीतून नाशिकची एक डॉक्टरीणबाई उतरली, बरोबर दोन माणसं आणि काचपट्ट्यांच्या पेट्या. पाड्यात एकही गडी नाही हे पाहून तिच्या ध्यानात आलं काय झालं ते. तिला खरं म्हणजे लग्न व्हायच्या आधीच पोरापोरींचं रक्त बघायचं होतं. म्हणून तिने एका माणसाला डोंगराकडे तोंड करून ओरडायला लावलं, "घाबरू नका! लग्न झालेल्यांचं काम नाही. ज्यांचं लग्न झालेलं नाही तेवढ्यांनीच खाली या!"

आणि काय झालं? अर्धा डोंगर खाली आला. त्या बिचारीला काय माहीत, आपल्याकडे आधी संसार मांडतात आणि लगीन सवडीने लावतात? खर्च जमला की, पीक बरं आलं की, नाहीतर पोरांची लग्नं आली की. मिशा पांढऱ्या झालेले गडी रांगेत उभे, त्यांच्यामागे त्यांच्या बायका, कडेवर पोरं. तूही त्यात, आणि तुझ्या मागे आई. त्यांच्या हिशेबात लग्न झालेल्यांना धोका, मग बिनलग्नाचे सगळे सुरक्षित. किती सरळ विचार होता तो!

डॉक्टरीणबाई तुला म्हणाली, "अहो, तुमचं लग्न झालेलं नाही?"

"नाय."

"आणि ही कोण?"

"ही माझी बायको."

"आणि ही मुलगी?"

"ही आमची कमळी."

बाईने हातातली सुई खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला. मी शाळेत शिकत होते ना, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच पुढे होऊन तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, सगळ्यांचंच बघू." आज मला वाटतं, तुम्ही तसे चुकून खाली आला नसतात तर आपल्याला कधी काहीच कळलं नसतं.

महिन्याभराने बाजाराच्या दिवशी तू मला शाळेतून बोलावून घेतलंस. डॉक्टरीणबाई हरसूलला कागद वाटायला आली होती. आई भाताच्या झोडणीत होती म्हणून आली नव्हती. बाईने आपले तीन कागद समोर मांडले. न वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून तिने प्रत्येकावर एक वर्तुळ काढलं होतं. रिकामं म्हणजे रक्त चांगलं. निम्मं भरलेलं म्हणजे दोष निम्मा, पण माणूस ठणठणीत. पुरतं भरलेलं म्हणजे दुखणं. तुझं निम्मं, आईचं निम्मं, माझं पूर्ण.

बाई म्हणाली, "समुद्रातल्या बेटांवर असं होतं. बाहेरचं माणूस आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही, मग रक्तातली गोष्ट तिथल्या तिथेच फिरत राहते. तुमचे पाडेही तसेच आहेत."

तू म्हणालास, "आम्ही समिंदर नाय पाहिला बाई. पण माझी पोरं कोणापायी गेली ते सांगा."

"कोणापायीच नाही. निम्मं तुमच्याकडून गेलं, निम्मं त्यांच्याकडून. दोन्ही एका पोरात एकत्र आली की ते पोर आजारी."

तू कागदांकडे बघत राहिलास. बाई मला गोळ्या देत होती, पाणी भरपूर पी, थंडीत अंग झाकून ठेव असं सांगत होती, आणि तुझं तिकडे लक्षच नव्हतं. नंतर एस.टी.च्या थांब्याशी आपण चहा घेतला.

"आईला यातलं काय सांगू नको," तू म्हणालास. "माझ्या गळ्याची शपथ हाय."

"का पण? तिला बरंच वाटेल ना? तिच्या एकटीचा दोष नाही म्हणून?"

"ती जाईल, कमळे. तिचा भाऊ कवाधरनं बोलवतोय तिला. इतकी वर्षं तिनं माझ्या वाटचं ऐकून घेतलं, हे कळल्यावर ती कशाला राहील? आणि लगीन कुठं लागलंय आमचं? उठून गेली तर मी कोणाला सांगू?"

मी तोवर तुला रडताना पाहिलं नव्हतं. मी मान हलवली.

आता ऐक. ती शपथ मी आठ दिवससुद्धा पाळली नाही.

रविवारी मी घरी आले. आई खळ्यावर भात उफणत होती. शेजारीण वाटेने जाताना आपल्या पोराला ओढून पलीकडच्या कडेने गेली. आईने पाहिलं आणि पुन्हा सूप वर धरलं, जणू काही झालंच नाही. मला राहवलं नाही रे. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

सूप रिकामं होईपर्यंत आई थांबली नाही. मग म्हणाली, "निम्मं म्हंजे?"

मी दोन ओंजळी भात घेतला, एक तुझ्या नावाची, एक तिच्या. दोन्ही सारख्या. त्यातला मूठमूठ भात एका जागी ओतला आणि म्हणाले, ही मी.

"म्हंजे माझ्या एकटीचं नाय," ती म्हणाली. खळ्यावर बसली आणि खूप रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं होतं ती चिडेल, पण ती हलकी झाल्यासारखी दिसत होती.

मग तिने डोळे पुसले. "त्याला ठाव हाय?"

"हो. पण त्याने शपथ घातलीय. तुला कळलं तर तू जाशील म्हणून घाबरतो."

"मला कळलंय ते त्याला सांगू नको. तुला माझीबी शपथ. तो आपल्या तोंडानं सांगंल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर लगीन नाय. सगळ्या पाड्यासमोर माझ्या पोटाला बोल लागला, आणि ह्यो निम्मं खिशात घालून बसणार? असल्या माणसाच्या हातनं हळद नाय लावून घ्यायची मला."

घ्या! दोघांच्या दोन शपथा, आणि मधल्या मध्ये मी. तुला वाटत होतं, सांगितलं तर ती जाईल. तिने ठरवलं होतं, नाही सांगितलं तर हळद नाही. आणि दोघं मलाच विचारायचात, "तो काय म्हणतो गं?" "ती काय म्हणते गं?"

त्यातच दीड वर्षाने मधुकर मला मागायला आला. पेठकडचा, शाळामास्तर, आपल्या चार पाड्यांबाहेरचा. तू त्याला काय म्हणालास आठवतं? ना शेत विचारलंस ना पगार. म्हणालास, "आधी नाशकाला जाऊन रक्त दाखव." तो इतका गोंधळला की मला वाटलं आता काही हा परत येत नाही. पण आला, रिकाम्या वर्तुळाचा कागद घेऊन आला. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता तुमची पोरं निम्मीच होतील, दुखरी होणार नाहीत.

पण पोरीचं लगीन लागायचं तर आधी आईबापाचं लागायला हवं, हा आपला रिवाज. एकाच मांडवात लावलं तरी चालतं, पण मान आईबापाचा पहिला. आणि आई काही हो म्हणेना. आधी म्हणाली पाऊस उघडू दे, मग म्हणाली नागली निघू दे, मग तिचं डोकं दुखायला लागलं. तू वाळत चालला होतास. तिचं मन उडालं असं तुला वाटत होतं. मला सगळं दिसत होतं, आणि मी तोंड शिवून बसले होते. तुला निदान एवढं म्हणायचं होतं मला, "बा, सांगून टाक." तेवढ्याने तिची शपथ मोडली नसती. का नाही म्हणाले? मला तिच्या जिद्दीची भीती वाटायची आणि तुझीही दया यायची. ही माझी चूक झाली. या चुकीची क्षमा माग असं आईने नाही सांगितलं, ती माझी मीच मागते.

शेवटी माझ्यासाठी आई मांडवात बसायला तयार झाली. पण आदल्या दुपारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "हळदीची वाटी माझ्यापर्यंत येस्तोवर वाट पाहीन. नाय बोलला तर उठीन. तुझं लगीन मागाहून लाव."

मांडवात पाटांवर आपण चौघं. तू आणि आई, शेजारी मी आणि मधुकर. लगीन लावणारी धवलेरी गाणी म्हणत होती, चारही पाड्यांची माणसं जमली होती, मामा खांबाला टेकून उभा. सगळ्यांना वाटलं, धाकटी नवरी लाजते म्हणून मान खाली घालून बसली आहे. मी त्या वाटीकडे बघत होते, बा. वाटी मधुकरच्या आत्याकडून निघाली, आपल्या काकूकडे आली, काकूने तुझ्या कपाळाला बोट लावलं. पुढे आईच. आईने पदर सावरला आणि एक हात जमिनीला टेकवला. उठायलाच टेकवला होता, ते फक्त मला कळत होतं.

आणि तू काकूचा हात धरलास.

"जरा थांबा. मला बोलायचं हाय."

धवलेरी थांबली. तू उभा राहिलास. तुला चार माणसांत बोलता यायचं नाही.

"आमची दोन पोरं गेली. ही तिसरी दुखण्यात वाढली. तुम्ही समद्यांनी हिच्या पोटाला बोल लावला आन् मी ऐकून घेतला. डाक्टरनी कागूद दिलाय. निम्मं माझ्या रक्ताचं हाय, निम्मं हिच्या. दोन वर्षं झाली मला ठाव हाय. मी भ्यालो, म्हणून बोललो नाय." मग तू मामाकडे वळलास. "हिला हळद लागली नाय अजून. तिला जायचं आसंल तर तिला घेऊन जा. कोणी तिला अडवू नका."

कोणी हलेना. मामासुद्धा खांबाला टेकून तसाच. आईने जमिनीवरचा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि काकूला म्हणाली, "हळद वाळतेय. लाव की."

त्यानंतर तू सात वर्षं सगळ्यांना तेच सांगत राहिलास. हिने मला एका पलकेत माफ केलं, असली बाई शोधून सापडायची नाही. बाजारात सांगायचास, एस.टी.त सांगायचास, मधुकरच्या शाळेतल्या मास्तरांना सांगायचास. आई ऐकायची आणि चुलीत फुंकर घालायची. एका पलकेत कुठलं रे? दोन वर्षं ती तुझी वाट बघत बसली होती. पण तुला किती आनंद व्हायचा ते सांगताना! तो आनंद मोडायचं तिच्या जिवावर आलं. "तो हाय तोवर नको," म्हणायची.

तुला हेही सांगायला हवं, की त्या मांडवानंतर पंधरा दिवसांनी शेजारणीच्या पोरीच्या बाळाची पाचवी होती. शेजारीण स्वतः आईला बोलवायला आली. आई गेली. ते पोर तिच्या मांडीवर ठेवलं, तर तिला ते कसं धरायचं तेच सुधरेना. आता चारही पाड्यांत पाचवी म्हटली की आईला बोलावणं येतं. डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा तिने त्यासाठी दोनदा पुढे ढकललं.

मी बरी आहे. थंडीत पडते चार दिवस, पाणी पीत राहते, पुन्हा उभी राहते. तुझा नातू सहा वर्षांचा झाला. त्याचा कागद मीच आणला, निम्मं वर्तुळ. दिवसभर उंडारतो, ठणठणीत आहे. मी त्याच डॉक्टरीणबाईच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला असते आणि शिबिरांना जाते. कोणी घाबरून डोंगरावर पळालं तर खाली बोलवायचं काम माझं. "लग्न झालेले, न झालेले, सगळे या," असंच ओरडते मी.

आणि एक गोष्ट मी तुला वचन म्हणून देते, बा. बाईची परवानगी मी आधीच घेतली आहे. निम्म्या वर्तुळाचा कागद मी कधीही एकट्या नवऱ्याच्या हातात देणार नाही आणि एकट्या बायकोच्याही नाही. दोघं आले नाहीत तर दोघांना आणायला मी पाड्यावर जाईन, नदी उतरेपर्यंत थांबावं लागलं तर थांबेन. दोघांना एका बाकावर बसवीन आणि एकदाच सांगेन, दोघांना ऐकू जाईल असं. म्हणजे कोणाच्या पोरीला दोन शपथांच्या मध्ये अडकून बसावं लागायचं नाही.

आई विचारते आहे, लिहून झालं का. झालं म्हटलं. तर म्हणते, "वाचून दाखव. त्यानं मांडवात सांगितलं ते नीट लिहिलंस का बघू दे."

दोघांचीही शपथ घेतलेली आणि तुझी मोडलेली,
तुझी
कमळी